सुई, गोळी आणि महालक्ष्म्या

सप्टेंबर १९८५. महालक्ष्म्या यायला चार दिवस होते आणि मी मागच्या ओट्यावर चिंचेचा कोळ घेऊन पितळ घासत बसले होते. दोन समया, घंगाळ, पाच ताटं, सात तांबे, आणि कुणी कधी आणली हे कुणालाच ठाऊक नसलेली एक बादली. टेलिफोन एक्स्चेंजमधून आठवड्याची रजा घेतली होती. रजेत माणूस ड्यूटीपेक्षा जास्त दमतो हे मला दरवर्षी नव्याने कळायचं.

महालक्ष्म्या, म्हणजे आमच्या गौरी, खरं तर नागपूरच्या इतवारीतल्या घरच्या. तिथे खाली सासऱ्यांच्या वेळचं भांड्यांचं दुकान आणि वर तीन खोल्या. आम्ही नंदनवनात घर बांधलं तेव्हा जागा मोठी म्हणून देव्या आमच्याकडे आल्या, पण कारभार मोठ्या जाऊबाईंकडेच राहिला. दरवर्षी चार दिवस आधी त्या सायकलरिक्षातून सामानासकट उतरायच्या आणि पाय जमिनीला लागायच्या आधी हुकूम सुरू व्हायचे.

त्या दिवशी पिशवीतून आधी सोळा भाज्यांची यादी निघाली, मग मखराची जरीची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी गोळ्यांची तीन पाकिटं.

आमच्या घरातल्या प्रत्येक बाईच्या पाळीची तारीख जाऊबाईंना तोंडपाठ असे. पुरणावरणाच्या स्वयंपाकाला सोवळ्यातले हात लागतात, आणि ऐन वेळी एखादी बाजूला बसली की बाकीच्यांची कंबर मोडते. म्हणून इतवारीतल्या औषधाच्या दुकानातून त्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आधीच आणत आणि प्रसादासारख्या वाटत. यासाठी डॉक्टरला विचारायचं असतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्या घरी महालक्ष्म्या त्या घरी या गोळ्या, इतकं ते साधं होतं.

“हे मले, हे तुले, आन् हे पोरीले,” त्या म्हणाल्या. “आजपासून सकाळ-संध्याकाळ एक एक. विसरू नका वं.”

माझी मुलगी दारात उभी होती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

“मोठी आई, मला नको.”

“काहून नको? तुही तारीख ऐन जेवणाच्या दिवशी येते. आधी तुह्या तारखेचा काही नेम नव्हता, दोन-दोन महिने पत्ता नसे. यंदा कशी घड्याळासारखी झाली! मी चार सोमवार धरले होते तुह्यासाठी.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तारीख घड्याळासारखी का झाली होती ते आम्हा दोघींना माहीत होतं. कारण कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेलं होतं. माझ्या दोन्ही हातांना चिंच लागली होती, जाऊबाई समोर उभ्या होत्या, आणि मी म्हटलं, “घे गं, देतात तर.”

इथे चूक झाली, आणि ती माझी झाली.

मुलीच्या हनुवटीवर आणि ओठाच्या वर सतराव्या वर्षापासून केस येत होते. लव नव्हे, केस. काळे आणि राठ. आम्ही हळद-बेसन लावलं, दोरा फिरवला, मेण लावून ओढले, ब्लीच करून सोनेरी केले. सावळ्या चेहऱ्यावर सोनेरी केस काळ्यांपेक्षा जास्त दिसतात, हे ब्लीच केल्यावर कळलं. यांना सांगितलं तर म्हणाले, “आमच्या घराण्याची मिशी आहे, वाया कशी जाईल?” त्या रात्री मुलीने त्यांना वाढलं नाही. त्यानंतर हे या विषयावर कधी बोलले नाहीत.

आदल्या वर्षी ती बी.एड.ला होती. बी.एड.मध्ये शाळेत जाऊन वर्गापुढे पाठ द्यावे लागतात. महाल भागातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर तिचा पहिला पाठ होता, विषय भूगोल. नकाशा टांगून झाला, प्रस्तावना झाली, आणि मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मॅडम, आज दाढी कराले विसरल्या का?” वर्ग हसला. मागे बसलेल्या परीक्षक बाई कागदात पाहत राहिल्या. मुलीने पाठ पूर्ण केला, नकाशा गुंडाळला, घरी आली, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला गेली नाही. वर्ष गेलं. मला त्या पोराचा राग आला नाही. त्याने दिसलं ते विचारलं. राग आला तो मी चार वर्षं बेसन कालवत बसले याचा.

मग आम्ही धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, पाळीचं विचारलं आणि सरळ सांगितलं. मुलीच्या शरीरात पुरुषी संप्रेरकं थोडी जास्त आहेत, म्हणून पाळी अनियमित आणि म्हणूनच केस. “यावर दोन कामं एकदम करावी लागतात,” त्या म्हणाल्या. “आहेत ते केस सुईने मुळातून जाळायचे. आणि नवे येऊ नयेत म्हणून गोळी. नुसती सुई म्हणजे पुढे तण निंदत जायचं आणि मागून बी पेरत जायचं. नुसती गोळी म्हणजे पेरणी थांबली, पण उभं तण तसंच.”

गोळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक संततिनियमनाची, एकवीस दिवस घ्यायची आणि सात दिवस थांबायचं. दुसरी खरं तर रक्तदाबाची. तिने लघवी जास्त होते, पण केसांवरही तिचा उपयोग होतो. ती चालू असताना संत्री बेताने खायची, कारण त्यातला क्षार अंगात साठतो. नागपुरात राहून संत्री बेताने! मुलीला सगळ्या उपचारात तेवढंच जड गेलं. फरक दिसायला सहा महिने लागतील, गोळी मध्ये सोडायची नाही आणि विचारल्याशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं.

आता बिनलग्नाच्या मुलीच्या कपाटात संततिनियमनाची गोळी. ही गोष्ट इतवारीत कळली तर बर्डीपर्यंत पोचायला एक दुपार पुरे. म्हणून ते पाकीट साड्यांच्या खाली.

सुईवाल्या बाई धरमपेठेत राहत. पूर्वी नर्स होत्या, मुंबईला जाऊन हे काम शिकून आल्या होत्या. समोरच्या खोलीत एक आरामखुर्ची, भिंगाचा दिवा आणि रेडिओएवढं यंत्र. बारीक सुई केसाच्या बाजूने मुळापर्यंत सरकवायची, पायाखालचं बटण दाबायचं, मनात आकडे मोजायचे, सुई काढायची आणि चिमट्याने केस उचलायचा. त्यांची परीक्षा एकच होती. केस लोण्यातून निघाल्यासारखा आला तर मूळ मेलं. ओढावा लागला तर तो परत येणार. “ओढलेला केस मी मोजत नाही,” त्या म्हणायच्या.

दर गुरुवारी वीस मिनिटं. त्यांची सगळ्यात कडक अट वेगळीच होती. दोन गुरुवारांच्या मध्ये केस उपटायचा नाही, दोरा नाही, मेण नाही. फार वाटलं तर कात्रीने कापायचा. केस दिसलाच नाही तर सुई घालायची कुठे? म्हणजे केस जावेत म्हणून आधी चार दिवस ते मिरवत हिंडायचं. मुलगी सुरुवातीला चोरून उपटायची. बाईंनी भिंगातून पाहिलं आणि पैसे न घेता परत पाठवलं. दोनदा असं झाल्यावर ती सुधारली.

मार्चमध्ये सुरुवात केली. उन्हाळ्यात घाम, सुईच्या जागी पुरळ, त्यावर बर्फ आणि गुलाबी लोशन. ते तोंडाला फासून कुलरसमोर बसलेली माझी मुलगी रंगपंचमीहून आल्यासारखी दिसायची. पण ऑगस्टमध्ये एका गुरुवारी बाई दिवा बाजूला करून म्हणाल्या, “आता नवीन येत नाहीयेत. जुनेच संपवते आहे मी.” मुलीने घरी येऊन हे मला तीनदा सांगितलं. जुलैत ती पुन्हा बी.एड.ला गेलीच होती. नवा पहिला पाठ महालक्ष्म्यांनंतरच्या आठवड्यातल्या सोमवारी होता. शाळा तीच, इयत्ता तीच.

तर एवढं सगळं नीट चाललेलं असताना मी “घे गं” म्हटलं. स्वयंपाकघरात मुलगी कुजबुजली, “आई, आता माझ्या गोळीचं काय?” मी हिशेब केला. जाऊबाईंची आणि हिची एकवीस दिवसांची, दोन्ही गोळ्या पाळीच्याच, एका वेळी दोन नकोत. “तुझी बाजूला ठेव महालक्ष्म्या जाईपर्यंत. मोठ्या आईची घे. एकच काम करतात.” हे मी इतक्या खात्रीने सांगितलं की तिला खरं वाटलं. मलाही वाटलं.

महालक्ष्म्या छान झाल्या. पुरण सैल झालं नाही, आंबील फाटली नाही, चाळीस पानं उठली. जाऊबाईंनी शेवटच्या पंगतीला बसून आमच्या सगळ्यांच्या गोळ्यांचं कौतुक केलं. विसर्जनानंतर त्या थकवा घालवायला आठवडाभर आमच्याकडेच राहिल्या.

बुधवारी मुलीची पाळी आली, ती नेहमीच्या दुप्पट. मळमळ, चक्कर, आणि हनुवटीवर चार पिकलेल्या पुळ्या. गुरुवारी ती तशीच धरमपेठेत गेली आणि तासाभरात परत आली.

“बाईंनी हात लावला नाही,” ती म्हणाली. “पुळ्यांवर सुई घालत नाही म्हणाल्या. गोळी नीट चालू आहे ना, विचारलं. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या आधी डॉक्टरांकडे जा.” मग चप्पल न काढताच पलंगावर बसली. “सहा महिने गेले आई. सगळे परत येणार. मी सोमवारी जात नाही. दिवाळीनंतर बघू.”

दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही, हे मला गेल्या वर्षावरून माहीत होतं.

जाऊबाई शेजारच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. त्यांचे कान झोपत नाहीत. त्या उठून दारात आल्या.

“काय परत येते? कोणती गोळी? काय लपवून राहिल्या तुम्ही माह्यापासून?”

मी सगळं सांगितलं. केस, डॉक्टर, सुई, साड्यांखालचं पाकीट आणि ते कसलं आहे तेही. एकदा तोंड उघडलं की मला अर्धवट ठेवता येत नाही. जाऊबाई ऐकत होत्या. मी बोलणी खायची तयारी केली.

“म्हणजे माह्या गोळीनं पोरीचं नुकसान झालं?”

“माझ्या सांगण्याने झालं, बाई.”

“गोळ्या कोणं आणल्या? मी. तर मी येते तुमच्यासंगं दवाखान्यात. बोलणी बी मीच खाईन.” मग मुलीकडे वळल्या. “आन् तू काहून रडून राहिली वं? इकडे ये. उजेडात ये.”

त्यांनी मुलीचा हात धरून खिडकीपाशी नेलं. मला वाटलं तिची हनुवटी पाहतील. त्यांनी स्वतःची वर केली.

“हे पाह्य. दिसते का काही?”

“नाही.”

“हात लाव.”

मुलीने बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. “टोचतंय!”

“वीस साल झाले. रोज आंघोळीच्या आधी कडी लावून चिमटा घेऊन बसतो मी आरशापाशी. तुह्या मोठ्या बाबांले वाटते, मी देवाचं म्हणून राहिली.”

रडता रडता हसणं पुस्तकात वाचलं होतं. समोर पाहिलं तेव्हा ते फार ओलं आणि आवाजी निघालं. मी सत्तावीस वर्षं या बाईसोबत कुरडया घातल्या, पापड लाटले. मला पत्ता नव्हता.

शनिवारी आम्ही तिघी धंतोलीत गेलो. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

“तिच्या गोळ्यांची सात दिवसांची सुट्टी न घेता पुढचं पाकीट लगेच सुरू केलं असतं, तरी पाळी पुढे गेली असती. औषध घरात होतं. एक फोन करायचा. तुम्ही तर एक्स्चेंजमध्येच आहात ना?”

मी पर्समधून जाऊबाईंच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“आणि ही जी तुम्ही दिलीत, हिच्यात थोडा पुरुषी गुण असतो. मी एकीकडून दार लावते, तुम्ही दुसरीकडून उघडता.”

“बाई,” जाऊबाई मध्ये पडल्या, “तिले नका बोलू. मले बोला. मीच पंधरा सालापासून वाटून राहिली.”

“किती जणींना?”

जाऊबाई बोटं मोजू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी हात करून थांबवलं आणि चष्मा पुन्हा लावला. मग मुलीला तपासून म्हणाल्या की दहा दिवसांत काही सहा महिने वाहून जात नाहीत. मेलेलं मूळ मेलेलंच राहतं. शरीर गोंधळलं आहे, तेवढंच. आज पाळीचा चौथा दिवस; उद्या पाचवा, उद्यापासून नवं पाकीट. पुळ्यांना मलम. सुई पुढच्या गुरुवारी. “डिसेंबरात संपलं असतं ते जानेवारीत संपेल. बस.”

उठता उठता जाऊबाईंनी हळूच हनुवटी पुढे केली. “हे बी पाह्यता का जरा?”

बाईंनी पाहिलं. पंधरा-वीस केस. या वयात गोळीची गरज नाही, नुसती सुई पुरे, म्हणाल्या. जाऊबाईंना थोडं वाईट वाटलं. त्यांना दोन्ही हवं होतं.

पण घरी येताना रिक्षात मुलीने हनुवटीवरचा हात काढला नाही. गोळीचं समजलं, जानेवारीचं समजलं. सोमवार मात्र परवावर आला होता. चार पुळ्या आणि आठवडाभर न कापलेले केस घेऊन त्याच आठवीपुढे उभं राहायचं. कात्री लावायचीही सोय नाही, पुळ्यांना लागेल. “त्यांनी परत विचारलं तर?” ती एवढंच म्हणाली. मी “नाही विचारणार” असं सांगणार होते. पण मी आठवीतली पोरं पाहिली आहेत.

रविवारी दुपारी जाऊबाईंनी फर्मान काढलं. पाठ इथे आमच्यापुढे द्यायचा. बैठकीत नकाशा टांगला. हे आणि मी पुढे, जाऊबाई मुद्दाम मागे, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून. मुलीने सुरू केलं. महाराष्ट्रातील नद्या. पहिली पाच मिनिटं ती नकाशाशीच बोलत होती.

“मॅडम,” मागून हाक आली, “तुम्ही दाढी काहून नाही केली?”

यांच्या हातातला पेपर खाली पडला. मुलगी लाल झाली, थांबली, रडते की काय असं वाटलं. “मोठी आई, असं नको ना.”

“मी मोठी आई नाही. मी आठवीतलं पोट्टं आहो. जबाब दे.”

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा मुलगी चिडली, पट्टी टेबलावर आपटली आणि म्हणाली, “औषध चालू आहे. जानेवारीत संपेल. तुझ्या नकाशात वैनगंगा कुठे आहे? जानेवारीपर्यंत सापडेल का?”

जाऊबाई उजव्या मांडीवर थाप मारून हसल्या. यांनीही हात वर केला, “मॅडम, मला सापडली,” आणि पेपरावर बोट ठेवलं. मुलीने त्यांना उभं राहायला सांगितलं. हे उभे राहिले. पाठ पस्तीस मिनिटं चालला. जाऊबाईंनी आणखी चार आचरट प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर आधीच्यापेक्षा लवकर आलं. शेवटच्या वेळी तर ती नकाशावरून मान न वळवताच म्हणाली, “शेवटचा बाक, कान धर.”

संध्याकाळी तिने नवं पाकीट उघडलं आणि पहिली गोळी सगळ्यांसमोर, चहाबरोबर घेतली. जाऊबाईंनी पाण्याचा पेला हातात दिला. पाकीट मग फ्रिजवर राहिलं, मिठाच्या बरणीशेजारी.

सोमवारी सकाळी तिला माझ्या मोपेडवर मागे बसवून महालात सोडलं. नकाशाची गुंडाळी तिने आडवी धरली होती, त्यामुळे रस्त्यातले दोन सायकलवाले आम्हाला बोलले. तोंडावर रुमाल नव्हता, ओढणी खांद्यावर होती. फाटकापाशी उतरून तिने विचारलं, “मलम दिसतंय का?” दिसत होतं. मी पदराने टिपलं. आत घंटा झाली आणि ती गेली. माझी ड्यूटी आठची होती, थांबणं शक्य नव्हतं. एक्स्चेंजला पोचून कानाला हेडफोन लावायच्या आधी मी धरमपेठेत फोन केला आणि गुरुवारचे दोन नंबर लावले, एक मुलीचा आणि एक जाऊबाईंचा.